दरवाजात थांबायचं

चूक माझी होती. ती घमेलंभर पाण्यावरून झाली आणि तेही प्यायचं पाणी नव्हतं, पंक्चर शोधायचं होतं. आम्हाला तहान लागलेली नव्हती. कुणी आम्हाला नाकारलं नव्हतं, दटावलं नव्हतं. एका बाईनं साधा प्रश्न विचारला आणि उत्तर ज्यानं द्यायचं त्याच्याआधी मी बोललो. माझ्या मित्राचं नाव मी त्याच्यादेखत बदलून टाकलं. पुढं त्या चुकीवर मी दुसरी चूक चढवली, आणि पहिली निदान भाबडेपणाची होती असं म्हणायला जी जागा उरली होती ती घालवली.

दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे सीताफळं येतात तेव्हा हे सगळं पुन्हा वर येतं. बाजारात पहिल्या पाट्या दिसतात, बायको चार फळं आणून तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवते, आणि स्वयंपाकघरात तो गोडसर, थोडा मातकट वास सुटला की माझे पाय दुखायला लागतात. खरोखरच दुखतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मला ते घाटाचं दुखणं वाटतं.

घाट म्हणजे दौलताबादचा. शहरातून निघून खुलताबादच्या पुढं म्हैसमाळच्या जंगलात शिरणारा हा रस्ता सायकलवाल्यांमध्ये हल्ली फार लोकप्रिय आहे. छावणी मागं पडते, मग पडेगाव, मिटमिटा, शरणापूरचा फाटा. इथवर रस्ता साधा. नंतर किल्ला दिसायला लागतो आणि बराच वेळ नुसता दिसतच राहतो, जवळ येत नाही. किल्ल्यापुढं जुन्या तटाचा दरवाजा लागतो, रस्ता त्याच्या पोटातून जातो, आणि दरवाजा ओलांडला की चढ. चढ अवघड नाही आणि सोपाही नाही. एका दमात चढलो असं सांगणारे पुष्कळ भेटतात, मी त्यातला नव्हतो. वर कागजीपुरा, मग खुलताबाद, आणि तिथून उजव्या डाव्या बाजूला सागाची झाडं सुरू होतात. आश्विनात सागाचे पांढरे तुरे करपून तपकिरी झालेले असतात. गवत अर्धं हिरवं, अर्धं पिवळं. सायकलवरून उतरून चार पावलं आत गेलं की मोज्यांना कुसळं चिकटतात आणि ती घरी आल्यावर संध्याकाळभर काढावी लागतात. खाली सपाटीवर बाजरी निघालेली असते, कापूस फुटलेला असतो. वर मात्र शेतं थोडी, जंगल जास्त, आणि बांधावर, खडकावर, जिथं कुणी लावली नाहीत तिथं सीताफळाची झाडं.

दोन वर्षांपूर्वी मुलीनं गिअरची सायकल घेऊन दिली तेव्हा मी पुन्हा या रस्त्याला लागलो, पण कागजीपुऱ्याच्या पुढं कधी गेलो नाही. रस्ता आता रुंद झाला आहे, कडेची वडाची झाडं पुष्कळशी गेली. मैलाच्या दगडांवर शहराचं नवं नाव आहे. रंगीत कपड्यांतली मुलं झुंडीनं शेजारून निघून जातात आणि जाताना "काका, मस्त" असं म्हणतात. मी हात हलवतो. त्यांना वाटतं काका निवृत्तीनंतर तब्येत कमावतायत.

आम्ही दोघं या रस्त्याला लागलो तेव्हा आमच्याकडे काळ्या, जड, बिनगिअरच्या सायकली होत्या, ज्यांच्यावर आम्ही रोज कामाला जायचो. वाळूजला तेव्हा जोंधळ्याच्या रानात एकामागून एक शेड उभी राहत होती. काल जिथं बैल बांधलेले पाहिले तिथं महिन्याभरात भोंगा वाजायचा. दुचाकींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो आणि गौतम साळवे टूलरूममध्ये. सकाळच्या पाळीला शहरातून सायकलींची लांब रांग निघायची, डबे हँडलला, समोरून पश्चिमेचा वारा. त्या वाऱ्यामुळे रांगेत आपोआप एक पद्धत पडली होती. पुढचा वारा खायचा, मागचे त्याच्या आडोशानं चालायचे. पुढचा दमला की हात हलवून बाजूला व्हायचा आणि दुसरा पुढं यायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं. कोण कुणाच्या आडोशाला चाललाय, हेही तिथं कुणी विचारत नसे.

गौतमची माझी ओळख त्या रांगेतच झाली. माझ्या मागं तो थोडा वेळ चालला आणि ओरडला, "ओ, जरा जाड व्हा की. तुमच्या मागं सगळा वारा लागतोय."

"मग तुम्ही या पुढं," मी म्हणालो.

"येतोच. बामणाच्या आडोशाला राहून कुणाचं भलं झालंय?" म्हणून तो हसत पुढं गेला. त्यानं माझ्या डब्यावरचं नाव वाचलं होतं. महिन्याभरात तो मला श्री म्हणायला लागला, श्रीकांतचा श्री. आईनं माझ्या डब्यात त्याच्यासाठी म्हणून एक पोळी जादा घालायला सुरुवात केली. आई त्याला नावानं ओळखत होती, आडनाव तिनं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. हे मी इथं नोंदवून ठेवतो, कारण सुरुवात बहुधा तिथूनच झाली.

सुट्टीला घाट चढायचा ही त्याची कल्पना. "आठवडाभर एकच रस्ता तुडवून पायाला तोच पाठ झालाय," तो म्हणायचा. "दुसरा पण कळू दे त्याला." चढावर तो नेहमी पुढं असे, वळणावर सायकल आडवी टाकून माझी वाट बघत बसे. उतारावर मात्र आमचा एक नियम होता. एकदा उतरताना माझ्या मागच्या ब्रेकचं रबर उडालं आणि मी पाय घासत कसाबसा खाली आलो, तेव्हापासूनचा. उताराच्या शेवटी तो दगडी दरवाजा येतो. आत एका वेळी एकच मोठी गाडी मावते, आणि कडेला पहारेकऱ्यांसाठी केलेली देवडी आहे. जो आधी पोचेल त्यानं त्या देवडीत थांबायचं. मागचा दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. गौतम हे एका वाक्यात सांगायचा: "दरवाजात थांबायचं." मग कुठंही वेगळं व्हायची वेळ आली, पाळी सुटताना, बाजारात, सिनेमाच्या गर्दीत, तरी आम्ही तेच म्हणायला लागलो. दरवाजात थांबायचं.

त्या वर्षी नामांतराचा प्रश्न पुन्हा तापला होता. विद्यापीठाच्या नावाचं भांडण आमच्या शाळेच्या वयापासून चाललेलं. मी सातवी-आठवीत असताना पहिल्यांदा संचारबंदी पाहिली, आणि तेव्हा मला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला होता. माझे वडील तहसील कचेरीत होते. ते पेपर घडी करत म्हणायचे, "नाव बदललं तर आधीच्या पोरांच्या पदव्यांचं काय?" घरात हा मुद्दा फार शहाणपणाचा समजला जाई. मी स्वतः नामांतराच्या विरोधात नव्हतो. हे मी त्या काळात किती वेळा बोललो असेन. विरोध नसण्याला काही किंमत पडत नाही, म्हणून ते बोलायला सोपं होतं. गौतम पाळी सुटल्यावर धरण्याला जाऊन बसायचा. मला म्हणाला, "चल की अर्धा तास." मी म्हणालो, आईला दवाखान्यात न्यायचंय. आईला खरंच न्यायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी.

त्याच सुमारास, सीताफळं नुकती धरायला लागली असताना, खुलताबादच्या पुढं जंगलाच्या तोंडाशी गौतमच्या चाकात बाभळीचा काटा गेला. पंप, सोल्युशन, रबराचा तुकडा, सगळं आमच्याजवळ होतं. भोक इतकं बारीक की हातानं सापडेना. ट्यूब पाण्यात धरली तरच बुडबुडा दिसणार. रस्त्यापासून थोडं आत एक पत्र्याची खोली होती आणि शेजारी काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. दारात एक बाई, नंतरच्या आमच्या गिरजामावशी, चुलीला लाकडं फोडत होत्या. धनगराचं कुटुंब. नवरा भागाजीमामा मेंढरामागं असायचे.

"मावशी, घमेलंभर पाणी मिळेल का? पंक्चर बघायचंय."

"घ्या की. ते काय घमेलं." त्यांनी बोट दाखवलं. मग कुऱ्हाड खाली ठेवून पदर सावरला. "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"औरंगाबादचे."

"कोणाचं?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच अर्थ असतो. गौतम चाक मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली, बोलायला तोंड उघडलं. मी म्हणालो, "कुलकर्णी. हा माझा चुलतभाऊ, गौतम."

मावशी एकदम लगबगीनं उठल्या. "आगं बया. थांबा, त्या घमेल्याला शेण लागतंय." आत गेल्या आणि घासून लखलखीत केलेलं पितळी पातेलं घेऊन आल्या, त्यात रांजणातलं गार पाणी. आम्ही म्हणालो, मावशी, चाकाची ट्यूब बुडवायची आहे, तिला चिखल लागलाय. त्या ऐकेनात. शेवटी त्या पातेल्यात गौतमनं ट्यूब बुडवली. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "सापडलं."

उतरताना आम्ही दरवाजात भेटलो. त्यानं देवडीतून सायकल काढली. "चुलत का रे? सख्खा म्हणायला जीभ नाही वळली?"

मी हसलो. तोही हसला. मी म्हणालो, "उगाच विषय कशाला वाढवायचा. दिवस कसे आहेत तुला माहितीये."

"मला माहितीयेत," तो म्हणाला. "दोन सेकंद थांबायचंस. मी काय सांगणार होतो, ते मलाच अजून ठरवायचं होतं." मग पायडलवर पाय ठेवून म्हणाला, "नामांतराच्या पहिल्या दंगलीत माझ्या मामाचं घर जाळलं तेव्हा तो आमच्याकडं आला, परभणीकडनं. अंगावर सदरा आणि हातात कोंबडी. बाकी काही वाचलं नाही. कोंबडी का उचलली, त्याला सांगता येईना. आम्ही पोरं हसत बसलो होतो." एवढं सांगून तो निघाला. मामाचं त्यानं त्याआधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही.

मला त्या दिवशी काय वाटलं ते लिहिताना आजही अवघड जातं. मला बरं वाटलं होतं. आपण मित्राला सांभाळून घेतलं, असं. घरी जाऊन मी व्यवस्थित जेवलो.

मग दर सुट्टीला तिथं थांबणं सुरू झालं. मावशी सीताफळं कडब्यात झाकून पिकवायच्या आणि चांगली दोन आमच्यासाठी बाजूला काढायच्या. पहिल्या वेळी त्यांनी भाकरी पुढं केली नाही. नुसतं दूध दिलं, आणि बऱ्याच वेळानं चाचरत विचारलं, "तुमच्यात आमच्या हातचं चालतंय का?" प्रश्न गौतमला होता, कारण तो चुलीजवळ बसला होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला विचारा मावशी. आमच्यात काय चालतं ते हाच ठरवतो."

"चालतं की," मी म्हणालो.

त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. ठेचा संपवला. मावशीच्या सुनेनं, सखूनं, आतून आणखी ठेचा आणला आणि तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "बामण असून लई तिखट खात्यात ह्ये."

"हे थोरल्या पातीचे आहेत," गौतम माझ्याकडं बघून म्हणाला. "ह्यांना गोड लागतं. आम्ही धाकटे."

तो विनोद करायचा, मी त्याच्या विनोदांच्या आडोशाला चालायचो. परतताना एकदा तो म्हणाला, "माझ्या आईला कळलं तर दोन दिवस हसंल. मग रडंल." उतार होता, वारा कानात होता, ऐकू आलं नाही असं दाखवणं जमण्यासारखं होतं.

मला वाटतं तो माझी वाट बघत होता. मी केलेली गोष्ट मीच दुरुस्त करीन, एखाद्या दिवशी सहज म्हणेन, मावशी, एक सांगायचं राहिलं. त्यासाठी मला किती सुट्ट्या मिळाल्या होत्या. दर वेळी कागजीपुऱ्याच्या चढावर मी ठरवायचो आणि सागाचं जंगल सुरू झालं की वाटायचं, आज नको, आज त्या कामात आहेत, आज भागाजीमामा नाहीत. नंतर फळं संपत आली. झाडांवर राहिलेली काळी पडून सुकली. दिवाळी झाली.

दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन खाली उतरायची, गंगापूरकडं, गोदावरीच्या अंगाला. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. मग थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी बिऱ्हाड घोड्यावर लादून झालं होतं. खोलीच्या दाराला दोरी बांधलेली. मेंढरं वाड्याबाहेर काढलेली, कुत्रा भोवती फिरतोय. भागाजीमामांनी डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "बरं झालं आलात. वाटेला लागायच्या टायमाला बामणाचं पाय दिसलं." आणि त्या साठीच्या माणसानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी अवघडून मागं सरलो, पण लावू दिला. ते गौतमकडं वळले.

गौतमनं त्यांचे दोन्ही हात वरच्यावर धरले.

"नको मामा," तो म्हणाला. "मी कुलकर्णी नाही. मी साळवे. गौतम साळवे."

आवाज चढवला नाही, हसला नाही. मामांचे हात त्याच्या हातात तसेच राहिले. मावशी घोड्याची दोरी आवळत होत्या, त्या थांबल्या. सखूनं आमच्याकडं पाहिलं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत होत्या. मामांनी गौतमकडं पाहिलं आणि मग खरं काय ते विचारावं तसं माझ्याकडं. काही वाईट नव्हतं त्या बघण्यात. माणूस गोंधळला होता आणि मी सांगेन ते मानायला तयार होता.

मी हसलो. "मस्करी करतोय मामा. त्याची सवयच आहे ती."

मामांच्या खांद्यांतला ताण गेला. "लई गमत्या हाय तुमचा भाऊ," ते म्हणाले. सगळेच हसले. आणि मग मामा पुन्हा वाकले आणि त्यांनी गौतमच्या पायांना हात लावला. गौतम उभा राहिला. त्यानं पाय मागं घेतला नाही. त्याला मागं घ्यायला जागाच ठेवली नव्हती मी.

मी का हसलो, याची मी खूप उत्तरं तयार केली. त्याला काही होऊ नये म्हणून. वाटेला लागलेल्या माणसांचा निरोप बिघडू नये म्हणून. दिवस वाईट होते म्हणून. या सगळ्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं होतं की आता मी खोटा ठरणार, आणि मावशी ते पितळी पातेलं पुढं करताना ज्या नजरेनं बघत होत्या त्या नजरेनं माझ्याकडं पुन्हा बघणार नाहीत. तो खोटा ठरला तर चालणार होतं.

मेंढरं रस्त्याला लागली. गौतम सायकलवर बसला आणि गेला. मी मागून निघालो. उतारावर तो एकाही वळणाला दिसला नाही. दरवाजाशी आलो तेव्हा आतून एसटी येत होती, तिला जाऊ दिलं आणि देवडीत बघितलं. रिकामी होती. मी सायकल लावून तिथं बसलो. मागचा दिसल्याशिवाय जायचं नाही हा नियम होता, आणि मागचा मीच होतो, हे कळायला मला बराच वेळ लागला.

कारखान्यात आम्ही बोलत राहिलो, मापांबद्दल, मशीनबद्दल. सकाळच्या रांगेत तो दुसऱ्या टोकाला असायचा. संक्रांतीला नामविस्ताराची बातमी आली. तो पेढ्यांचा डबा घेऊन सगळ्या विभागांत फिरला, माझ्या टेबलाशीही आला. डबा पुढं केला. "घ्या कुलकर्णी." मी पेढा घेतला. अभिनंदन म्हणालो. तो म्हणाला, "तुमचा विरोध नव्हता ना," आणि पुढच्या टेबलाकडं गेला. वर्षभरात त्याला पुण्याला चांगली नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होतो. ती रजा मी मुद्दाम घेतली होती.

मध्ये किती काळ गेला ते माझ्या मुलीकडं बघून कळतं. ती तेव्हा जन्मली नव्हती. आता तिला तिच्या मित्रांची आडनावं माहीत नसतात, किंवा माहीत नसल्यासारखं दाखवायला ती माझ्यापेक्षा चांगलं शिकली आहे, मला सांगता येत नाही.

यंदा सीताफळं बाजारात आली त्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात मला गौतमचा नंबर मिळाला. फोन लावायला मी चार दिवस घेतले. त्यानं उचलला.

"श्रीकांत कुलकर्णी बोलतोय."

"नंबर नवा दिसतोय. घसा खाकरायची पद्धत जुनीच आहे." मग, "बोला."

मी पाठ केलेलं सगळं बोललो. घमेलं, पातेलं, मामांचे हात, माझं हसणं. माफी मागितली. पलीकडं पंखा फिरत असल्यासारखा आवाज येत होता. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

"ही माफी मला कशाला मागतोस?" तो म्हणाला. "मी कोण आहे ते मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग."

"ते लोक आता असतील की नाही..."

"बघ जाऊन. रस्ता माहितीये तुला."

"तू येतोस? मी गाडी करतो. जाऊ दोघं."

"मी कशाला येऊ?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, समजावणं होतं. "मी माझं सांगून आलोय तिथं एकदा." मग म्हणाला, "सायकलनं जा. गाडीनं गेलास की लवकर पोचशील, नि लवकर पोचलास की गाडीतनं उतरणार नाहीस." त्याला मी अजून पाठ होतो.

परवा गेलो. घाट दोन ठिकाणी सायकल हातात धरून चढलो. कागजीपुऱ्याच्या चढावर नेहमीप्रमाणे वाटलं, आज नको. खुलताबाद ओलांडलं. सागाचे तुरे करपले होते. पत्र्याच्या खोलीच्या जागी विटांचं घर आहे आता, मेंढरं दिसली नाहीत, दारात ट्रॅक्टरची ट्रॉली. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली सीताफळांच्या पाट्या लावून एक पन्नाशीची बाई बसली होती आणि मागं खाटेवर एक फार म्हातारी बाई, हातात काठी. दोन गाड्या थांबलेल्या, माणसं फळं दाबून बघत होती. मी आधी सखूला ओळखलं. तिनं मला नाही.

"मी कुलकर्णी. सायकलवर यायचो आम्ही दोघं. पंक्चर..."

"आगं बया," ती म्हणाली, अगदी सासूसारखी. "तिखट खानारं तुमचं भाऊ. बरं हायेत का?"

भागाजीमामा गेल्याचं तिनं सांगितलं. पोरं आता वाटेला लागत नाहीत, मेंढरं विकली, म्हणाली. मी खाटेशी गेलो, वाकलो, आणि जे बोलायला आलो होतो ते हळू आवाजात बोलून टाकलं. गिरजामावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "आं?"

"त्यास्नी ऐकू नाय येत," सखू म्हणाली. तिनं मात्र ऐकलं होतं. तिच्या हातातलं सीताफळ हातातच राहिलं होतं. ते पाटीत ठेवून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. एवढ्या लोकांत कशाला? मी सांगंन त्यास्नी मागनं."

क्षणभर मी तयार झालो. ती चांगल्या मनानं सांगत होती, आणि निम्मं काम झालं असं मानून परत फिरता आलं असतं. गाडीवाल्यांपैकी एक बाई आमच्याकडं बघत होती.

"नको," मी म्हणालो. "मीच सांगतो."

मी मावशींच्या समोर मातीत बसलो आणि इतक्या मोठ्यानं बोललो की रस्त्यापलीकडची माणसंही वळली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी काही बोललो नसेन.

"मावशी, माझ्याबरोबर यायचा तो माझा भाऊ नव्हता. माझा मित्र होता. त्याचं नाव गौतम साळवे. त्यानं मामांना खरं सांगितलं होतं. मस्करी नव्हती ती. खोटं मी बोललो. दोनदा बोललो. तुम्हाला आणि मामांना फसवलं, आणि त्याला तुमच्यासमोर खोटं पाडलं. माझं चुकलं. मला माफ करा."

मावशींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तवा सांगितलं असतंस तर मी पाणी दिलं असतं का, ते मला बी आता सांगता यायचं नाय."

"हो, मावशी."

"पर तू त्यालाच इचारू द्यायचं व्हतं मला." त्यांनी काठीनं माझ्याशेजारची रिकामी जमीन दाखवली. "काय नाव म्हणलास त्याचं?"

मी पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. "गौतम साळवे, मावशी. माझं चुकलं."